पुरीएवढा लाल उजेड

माझा राग पहिल्यापासून नाकावर. कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, अंगानं काडी, आणि एम.एस्सी.ची पोरं माझ्यापेक्षा वीतभर उंच. त्यांना वचकात ठेवायचं तर आवाज चढवण्याखेरीज दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता. मी प्रयोगशाळेच्या दारात दिसले की मागच्या टेबलावरून हळूच यायचं, "आली बे, आली." मी ते ऐकून सोडून द्यायची नाही. ज्याचा आवाज असेल त्यालाच उभं करून त्या दिवसाचा प्रयोग फळ्यावर समजावून सांगायला लावायची.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नागपूरच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला तेव्हा एक नवा विषय आला होता, लेसर आणि उजेडातून संदेश पाठवायचं तंत्र. विषय नवा, शिकवणारी नवी, आणि सामान म्हणाल तर एक लेसर, एक जुना मायक्रोस्कोप, चार-दोन भिंगं आणि काचेची एक तार. तार म्हणजे ऑप्टिकल फायबर, केसाएवढी बारीक. आमच्या विभागप्रमुख सरांनी ती मुंबईच्या एका ओळखीच्या शास्त्रज्ञांकडून हातापाया पडून आणली होती आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवली होती. झाकणावर त्यांनी स्वतःच्या ठसठशीत अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीवर एकच आकडा, ०.२२.

हा आकडा काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. तारेच्या एका टोकातून लेसरचा उजेड आत सोडला की तो तारेतून वळत-वाकत दुसऱ्या टोकाशी जातो आणि तिथून पसरत बाहेर पडतो. समोर दहा सेंटीमीटरवर आलेखाचा कागद उभा केला की त्याच्यावर लाल गोल पडतो. तो गोल मोजायचा, थोडं गणित करायचं, आणि तारेचा आकडा निघतो. गोल जेवढा मोठा तेवढा आकडा मोठा. आमच्या तारेचा गोल साडेचार सेंटीमीटरचा, म्हणजे चांगल्या लिंबाएवढा, आणि उत्तर ०.२२. एवढाच प्रयोग. अंधाऱ्या खोलीत करायचा असल्यामुळे पोरांना तो आवडायचा.

त्याहून आवडायचा तो दुसरा. ट्रान्झिस्टर रेडिओचा आवाज एका छोट्या लाल दिव्यात सोडायचा, दिव्याचा उजेड तारेतून पलीकडे न्यायचा आणि तिथे त्याचा पुन्हा आवाज करायचा. पहिल्यांदा तो जमला तेव्हा रेडिओवर शेतीचा कार्यक्रम चालू होता. तुरीचे भाव सांगणारा माणूस टेबलाच्या या टोकाला उजेडात शिरला आणि त्या टोकाला स्पीकरमधून बाहेर आला. दिव्याच्या आणि तारेच्या मध्ये बोट घातलं की तो चूप. बोट काढलं की पुन्हा तुरीचे भाव. वर्गातल्या सोळाच्या सोळा जणांनी पाळीपाळीनं बोट घालून पाहिलं, आणि शेवटी मीही. त्या दिवशी मी कोणावर ओरडले नाही.

त्या सोळांमध्ये एक बाई होती. वय बत्तीस-तेहेतीस, म्हणजे माझ्याहून मोठी. रामटेकच्या पुढच्या एका खेड्यातली, तिथल्याच हायस्कूलमध्ये शिक्षिका. घरी धानाची शेती, तीन वर्षांची पोरगी जावेजवळ ठेवलेली, आणि हिचं रोज एसटीनं नागपूरला जाणं-येणं. पहिल्याच दिवशी तिनं दारात उभं राहून मला सगळं सांगून टाकलं. तिच्या शाळेत अकरावी-बारावीचे विज्ञानाचे वर्ग सुरू होणार होते. हेडमास्तरांनी शब्द दिला होता, एम.एस्सी. होऊन आलात तर जागा तुमची. नाहीतर पुन्हा पाचवी-सहावी. शाळेनं दोन वर्षांची सुट्टी दिली होती, ती जूनमध्ये संपत होती. घरच्यांनीही दोनच वर्षं दिली होती आणि तिसरं मागायचं नाही अशी बोली होती.

"म्हणून मले एकाच बारीत पास व्हाचं आहे, मॅडम," ती म्हणाली.

"मग अभ्यास करा," मी म्हटलं. काय पण उत्तर! पण तेव्हा मला तेच सुचलं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. आमच्याकडे प्रयोगात 'आकडे शिजवण्याची' जुनी रीत होती. उत्तर आधीच ठाऊक असतं. सोडियमच्या पिवळ्या उजेडाची लहर किती लांब, लेसरच्या लाल उजेडाची किती, तारेचा आकडा किती, सगळं पोरांना तोंडपाठ. मग कशाला डोळे फोडायचे? उत्तरावरून उलटं गणित करायचं, मधले आकडे काढायचे, त्यात थोडी इकडची-तिकडची चूक घालायची म्हणजे खरं वाटतं, आणि वही मॅडमपुढे सरकवायची. मीही माझी एम.एस्सी. तशीच केली होती. फर्स्ट क्लास! माझ्या वेळच्या बाईंनी उत्तर पाहून सही केली, मीही उत्तर पाहून सही करायची. उत्तर जवळपास असलं की सही, नसलं की लाल शाईनं दोन शब्द, 'पुन्हा करा'.

हे दोन शब्द वर्षभर सगळ्यात जास्त पडले ते रामटेककडच्या त्या बाईच्या वहीत.

ती आकडे शिजवायचीच नाही. तिला ठाऊक नव्हतं असं नाही, बाजूच्या टेबलावरची पोरं तिला सांगायची, "अहो ताई, उलटं करा ना, काहून जीव देऊन राहिल्या?" ती हसायची आणि पुन्हा खाली वाकून डोळा लावायची. तिचे वडील गावातलं धान मापायचे. मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. ती प्रयोगाची मापं घेतानाही पुटपुटायची, लाभ, दोन, तीन. पोरं खी-खी करायची. एकदा मी तिच्या मागे उभी होते आणि मलाही हसू फुटलं. ती लाजली, पण पुढच्या मापाच्या वेळी पुन्हा लाभ.

आणि उत्तर? उत्तर यायचं ०.१९. कधी ०.२०. एकदा ०.२४. मी वही उघडायची, खालची ओळ बघायची, लाल पेन काढायची.

"पुन्हा तेवढंच आलं, मॅडम. काहून येत असन?"

"मला काय विचारता? पंधरा जणांना येतं, तुम्हालाच कसं येत नाही? नीट बघा. पुन्हा करा."

ती पुन्हा करायची. चारची एसटी सोडायची, साडेपाचची सोडायची. मी खुर्चीत बसून बाकीच्या वह्यांवर भराभर सह्या मारत असायची, आणि ती अंधाऱ्या खोलीतून कपाळावरचा घाम पुसत बाहेर यायची. मला तिचा राग यायचा. खरं सांगते, यायचा. एवढी साधी गोष्ट कळत नाही का या बाईला, सगळे करतात तसं करून मोकळं का होत नाही, असं वाटायचं. पण दिवाळीनंतर तिनं रामटेकच्या तळ्यातले उकडलेले शिंगाडे आणले, आणि माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक सोलून माझ्यापुढे ठेवत गेली, तेव्हा मी सगळे खाल्ले. मला शिंगाडे सोलता येत नाहीत, बोटाला काटे टोचतात. हे तिच्या आपोआप लक्षात आलं होतं. मी तेव्हा आईशीही भांडून घरातून निघायची, आणि माझ्यासाठी कोणी असं बसून काही सोलत नव्हतं.

एप्रिलात प्रॅक्टिकलची परीक्षा लागली. सोळा जण, दोन दिवस, सकाळ-दुपार अशा चार पाळ्या, आणि चार प्रयोग. प्रत्येकानं चिठ्ठी उचलायची आणि जो प्रयोग येईल तो करायचा. बाहेरगावचे परीक्षक यायचे होते. प्रॅक्टिकलमध्ये नापास म्हणजे वर्षच नापास, लेखी पेपर कितीही चांगले जावोत.

आदल्या दुपारी मी एकटी सगळं मांडून ठेवत होते. उन्हानं जीव नकोसा झालेला, कूलरमध्ये पाणी भरायला कोणी आलेलं नव्हतं, आणि पोरांनी तार डब्यात न ठेवता टेबलावरून लोंबकळत सोडून दिली होती. माझं डोकं सरकलं. "एवढंसुद्धा करता येत नाही!" असं रिकाम्या खोलीला ओरडून मी पायानं स्टूल ढकललं. स्टूल तारेवर गेलं. आवाजसुद्धा झाला नाही. वर्षभर टोकं साफ कापून कापून ती आधीच दीड हात उरली होती. आता उचलून पाहिली तर बोटाबोटाएवढे तुकडे.

मी मटकन खाली बसले. सरांना काय तोंड दाखवू? उद्या सकाळी परीक्षा. मुंबईहून तार यायला महिना लागला असता.

मग मला घरातला दिवा आठवला. माझ्या मोठ्या भावानं अमेरिकेहून येताना आईसाठी एक शोभेचा दिवा आणला होता. खाली बल्ब आणि वर शेकडो बारीक तारांचा झुबका, प्रत्येक तारेच्या टोकाला उजेडाचा ठिपका. आईनं तो शोकेसमध्ये ठेवला होता आणि पाहुणे आले की मगच लावायची. मी सायकल काढली, भर उन्हात घरी गेले आणि शोकेस उघडली.

"हात लावशील तर याद राख," आई आतून म्हणाली.

"दोनच काढते गं. कळणारही नाही."

"भावानं साता समुद्रापलीकडून आणला, आणि ही केस उपटते त्याचे! काय करणार आहेस?"

"परीक्षा आहे."

"तुझी?"

"माझीच समज," मी म्हटलं, आणि कात्रीनं दोन तारा मुळाशी कापल्या. आई दोन दिवस बोलली नाही.

परत येऊन मी तार बसवली, लेसर लावला, आणि पलीकडच्या टोकातून लाल उजेड आला. माझा जीव भांड्यात पडला. उजेड येतोय ना? मग झालं. बिस्किटाचा डबा बाहेरच्या टेबलावर ठेवला, त्याच्यावरची चिठ्ठी जशीच्या तशी, आणि खोलीला कुलूप लावून घरी गेले. काचेची तार वेगळी आणि शोभेच्या दिव्याची प्लास्टिकची तार वेगळी, दोघींतून उजेड सारखा पसरत नाही, हे मीच वर्गात फळ्यावर लिहून शिकवलं होतं. पण मोजून बघायचं माझ्या मनातही आलं नाही. मोजायची मला सवयच नव्हती.

परीक्षक साठीचे, बुशशर्ट घातलेले, कमी बोलणारे गृहस्थ होते. दोन दिवस ते आतल्या अंधाऱ्या खोलीत पाऊल न टाकता बाहेर टेबलाशी बसून राहिले. पोरं प्रयोग करून पेपर आणून देत होती, ते तोंडी प्रश्न विचारत होते. तारेचा प्रयोग चार जणांना आला. पहिले तिघं आमची हुशार पोरं. चौथी, शेवटच्या पाळीत, ती. चिठ्ठी उघडल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, देवा, हिला नेमकं हेच का! वर्षभर जे आलं नाही ते आज काय येणार?

ती आत गेली ती तीन तास बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा पदर ओला झाला होता. पेपर दिला आणि व्हरांड्यात जाऊन बसली.

चहा आला. परीक्षकांनी चारही पेपर समोर पसरले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाई, हे बघा. तिघांचा गोल साडेचारच्या आसपास, उत्तर ०.२१, ०.२२, ०.२२. आणि या शेवटच्या बाईंचा गोल दहा पूर्णांक सहा! उत्तर ०.४७. डब्यावर एवढं मोठं ०.२२ लिहिलंय. दुपटीनं चूक? यांना दिसतं तरी की नाही?" आणि त्यांनी त्या ०.४७ भोवती पेन्सिलीनं गोल काढला. "पास करता येणार नाही हो."

मला तिचाच राग आला. एवढं वर्षभर सांगितलं, आणि शेवटी ऐन परीक्षेत दहा सेंटीमीटरचा गोल? कशी चुकली ते बघावं म्हणून मी कप हातात घेऊनच आत गेले. सगळं अजून मांडलेलं होतं. लेसर लावला, दार ओढलं.

समोरच्या कागदावर लाल उजेड पडला होता तो पुरीएवढा. चांगली फुगलेली, ताटातली पुरी. लिंबू कुठेच नव्हतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी पट्टी लावली. आयुष्यात पहिल्यांदा तो गोल मी स्वतः मोजला असेन. दहा पूर्णांक सहा. माझ्या आईच्या दिव्याची तार तेवढाच पसरट उजेड देत होती, आणि त्या बाईनं तो बरोब्बर मोजला होता. बाकी तिघांनी डोळ्यांनी पुरी पाहिली आणि कागदावर लिंबू लिहिलं.

मी तिथेच उभी राहिले. बोलले तर तार माझ्या हातून तुटली हे कळणार, आणि दुसरी लावून मी मूग गिळून बसले हेही. आणि नुसतं माझंच नाही. ती तीन पोरं उघडी पडणार. त्यातल्या एकाला मोठ्या ठिकाणी संशोधनाची जागा मिळाली होती, त्याची आई त्याच आठवड्यात मला पेढे देऊन गेली होती. न बोलले तर एकच जण जाणार होती. ती परत पाचवी-सहावीला शिकवायला गेली असती, आणि आपल्यालाच मोजता येत नाही असं जन्मभर समजून बसली असती. कोणाला काही कळलं नसतं.

मी चहा पिऊन संपवला. पूर्ण कप, उभ्यानं, त्या अंधारात. चहा संपेपर्यंत मी ठरवलं नव्हतं, आणि त्या कपाची मला आजही लाज वाटते.

मग बाहेर येऊन मी म्हटलं, "सर, आत या जरा. त्यांचं बरोबर आहे."

परीक्षक आत आले. गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतः पट्टी लावली. दोनदा लावली.

"ही तार कुठली?"

"माझ्या आईच्या शोकेसमधल्या दिव्याची." आणि मी स्टुलापासून कात्रीपर्यंत सगळं सांगून टाकलं.

ते एकदम हसले आणि तेवढ्याच एकदम थांबले. "मग त्या तिघांनी साडेचार कुठे पाहिलं?"

"डब्यावर."

"आणि प्रयोग करताना डब्यावर बघायचं असतं, हे त्यांना कोणी शिकवलं?"

एवढा खालचा आवाज माझ्या गळ्यातून पूर्वी कधी निघाला नव्हता. "मी."

त्यांनी खडसावलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तिन्ही पोरांना बोलावून एकेकाला त्या कागदापुढे उभं केलं आणि मोजायला लावलं. पोरांच्या माना खाली. तिघांना कसंबसं पास होण्यापुरते गुण दिले. पेढेवाल्या पोराला रडू आलं, तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "तुझ्यापेक्षा माझी जास्त चूक आहे रे." तिच्या पेपरवरचा पेन्सिलीचा गोल त्यांनी खोडरबरानं पुसला आणि त्या वर्षीचे सगळ्यात जास्त गुण तिथे लिहिले. सरांना तार तुटल्याचं मी त्याच संध्याकाळी जाऊन सांगितलं.

ती व्हरांड्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. पोरांकडून तिला कळलं होतं की बाकीच्यांचं ०.२२ आलं. डोळे सुजलेले.

"माझं गेलं ना, मॅडम?" ती म्हणाली. "मले तर तेवढाच मोठा दिसून राहिला होता. तीनदा मोजलं. डब्यावरचं वाचलं मी, पन दिसतच नव्हतं तेवढं, तर कसं लिहू? घरी आता काय सांगू मी?"

मी तिच्या बाजूला बसले. "गेलं नाही. तुमचं बरोबर आहे, तुमचंच एकटीचं. तार माझ्या हातून तुटली, मी दुसरी लावली आणि कोणाला सांगितलं नाही. तुम्ही पास झालात. चांगल्या पास झालात."

"खरं?"

"खरं."

"माय वं!" तिनं तोंडावर पदर धरला, आणि थोड्या वेळानं पदराआडून बोलायला लागली. "मी घरी सांगत होती ना, मॅडम. जावेले सांगत होती, आमच्या मॅडम बाकीच्या पोरांच्या वहीत नुसती सही मारतात, अन् माझ्याच वहीत लिहितात, पुन्हा करा, पुन्हा करा. माझ्यावर त्यांची बहुत मेहनत आहे. खेड्यातली बाई आहे, हिले पक्कं आलं पाहिजे, असं असन त्यांच्या मनात. म्हणून तर आज तीनदा मोजलं मी. तुमच्यामुळंच झालं हे."

माझ्या जिभेवर 'हो ना' आलं होतं. तेवढं म्हटलं असतं तर ती खुशीत घरी गेली असती आणि जन्मभर माझं नाव काढलं असतं. मला ते हवंसुद्धा होतं. कोणाला नको असतं?

"नाही," मी म्हटलं. "तसं काही नव्हतं. मी तुमची मापं कधी पाहिलीच नाहीत. खालचं उत्तर तेवढं बघत होते. माझ्या मनातल्या आकड्याशी जुळलं नाही की लिहायची, पुन्हा करा. तुमची वर्षभराची मापं बरोबर होती की चूक, मला आजही ठाऊक नाही. मी एकदाही तुमच्या बाजूला उभं राहून मोजलं नाही."

तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, ते मला दिसलं. आता ही उठून जाईल, मला वाटलं, आणि गेली तर तिचं बरोबरच आहे.

"पन मी तर शिकली ना," ती म्हणाली.

व्हरांड्यातून पोरं जात होती, शिपाई रिकामे कप घेऊन जात होता, आणि वर्षभर सगळ्यांवर ओरडणारी मी तिथे सगळ्यांसमोर हमसाहमशी रडायला लागले. तिनं पिशवी खाली ठेवली आणि पदराच्या टोकानं माझं तोंड पुसलं, आपल्या घरातल्या धाकटीचं पुसावं तसं.

"काहून रडून राहिली वं तू?" ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिनं मला मॅडम म्हटलं नाही.